बॉनेट उघडा, मग मिस्त्रीला फोन करा

परभणीत जिंतूर रोडवरच्या एखाद्या घरामागे, सेलूतल्या जुन्या वाड्याच्या पडवीला लागून, मानवतच्या जिनिंगच्या आवारात कडुलिंबाखाली, अशा कितीतरी ठिकाणी एक मारुती ८०० उभी असते. टायर बसलेले, काचेवर पाखरांची घाण, मागच्या सीटवर रद्दीचा गठ्ठा. मालकाला विचारा, "काय झालं हिला?" उत्तर ठरलेलं : "इंजिन गेलं." पुढं विचारा, "इंजिनात काय गेलं?" मालक गप्प. कुणीतरी कधीतरी तसं म्हणालेलं असतं, आणि तेवढ्यावर गाडीचा निकाल लागलेला असतो.

अशा गाडीचं बॉनेट उघडलं की पुष्कळदा भलतंच निघतं. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटायला आलेली. पेट्रोल पंपाचा डायाफ्राम फाटलेला. सोयाबीनची पोती शेजारी रचली होती तेव्हा उंदरांनी कुरतडलेली वायर. रेडिएटरचा पंखा फिरवणारा स्विच मेलेला. यातलं एकही काम इंजिन उतरवण्याचं नाही. तरी गाडी भंगारात जाते, वजनावर विकली जाते, आणि घरात नवीन हप्ता सुरू होतो.

म्हणून हे आवाहन, आणि ते जुन्या गाड्यांच्या प्रेमापोटी नाही. पत्रा सडलेली, चेसिस खाल्लेली, ब्रेक धरत नसलेली गाडी मोडीतच गेली पाहिजे. तिच्या आठवणी फोटोत ठेवाव्यात. वाचवायचंय ते फॉल्ट काढण्याचं कसब. गाडी बंद पडली की आधी तिचं ऐकायचं, मग तपासायचं, मग एकच गोष्ट खोलायची, हा क्रम. परभणी जिल्ह्यात तो हजारो हातांत होता. आज तो साठीच्या आसपासच्या मंडळींकडं उरलाय, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणारं कुणी दिसत नाही.

आपल्याकडं हे ज्ञान गाडीच्याही आधी, विहिरीवर आलं. विजेची लाइन शेतात पोचण्यापूर्वी गोदावरी, पूर्णा, दुधना या तिन्ही नद्यांच्या काठची शेती ऑइल इंजिनावर भिजत होती. किर्लोस्करचं इंजिन रात्री पाणी देताना बंद पडलं तर परभणीहून मेकॅनिक येईपर्यंत ऊस थांबत नसे. त्यामुळं डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलीय का, हे शेतकऱ्यालाच बघावं लागे. नट ढिला करायचा, फेस येईल तोवर डिझेल वाहू द्यायचं, फेस थांबून सलग धार लागली की नट आवळायचा. नॉझल काढून फवारा बघायचा. बारीक धुकं उडालं तर ठीक, थेंब गळला तर नॉझल साफ करायचं. शाळेत चौथीच्या पुढं न गेलेली माणसं हे बिनचूक करत. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, ते पट्ट्याच्या आवाजावरून बेअरिंग ओळखत.

दुसरी शाळा एसटीची. मराठवाडा निझामाच्या राज्यात असताना १९३२ साली तिथल्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागानं २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली होती. पुढं राज्य परिवहन आलं आणि परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड इथं आगारं झाली. या आगारांत घडलेला मेकॅनिक निवृत्तीनंतर घरासमोर पत्र्याची शेड टाकून बसला, की त्याच्या हाताखाली चार पोरं तयार होत. तिसरी शाळा काळी-पिवळीची. पालम ते गंगाखेड, जिंतूर ते येलदरी अशी टपावरसुद्धा माणसं घेऊन धावणारी कमांडर जीप किंवा ट्रॅक्स रस्त्यात थांबली, तर ड्रायव्हरलाच खाली वाकावं लागे. पंधरा-वीस प्रवासी खाली उतरून त्याच्याकडं बघत उभे असायचे. इतक्या लोकांसमोर अंदाजानं काही खोलायची हिंमत होत नाही. माझ्या मते मराठवाड्यातले सगळ्यात शांत डोक्याचे फॉल्ट काढणारे याच रस्त्यांवर तयार झाले.

शहरात डॉक्टर-वकिलांकडं फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ च्या पुढं गेला की तिचा पेट्रोल पंप तापायचा, लाइनमधल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर चौकात थांबायची. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सावलीत दहा मिनिटं थांबायचं. जाणकार मालक उन्हाळाभर गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवत. वाफेनं पेट्रोलची वाट अडते, पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं भौतिकशास्त्र वसमत रोडवर घाम पुसत सिद्ध होत होतं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची गेली तेव्हा पेपरांत निरोपाचे लेख आले, लोकांनी फोटो काढले. गाडीचं कौतुक झालं. तिला चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींची नावं फारशी कुठं आली नाहीत.

आता मुद्द्याचं. घरी फॉल्ट काढणं म्हणजे नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय ते वाचवा म्हणण्यात अर्थ नाही.

सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, यात निदान दोन वेगळे आजार आहेत. सेल्फ फिरतच नाही, हा एक. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दुसरा. निम्मे मालक हे दोन्ही एकाच वाक्यात सांगतात, "स्टार्ट होईना", आणि मिस्त्रीचा अर्धा तास तिथंच जातो. सेल्फ फिरत नसेल, नुसता "टक" आवाज येत असेल, तर मल्टिमीटर घ्या. बाजारात साधा मीटर काही शे रुपयांना मिळतो. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. पण बॅटरी बदलण्याआधी आणखी एक तपासणी, जी फार थोडे लोक करतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि घरच्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर बॅटरी निर्दोष असू शकते, दोष अर्थिंगच्या पट्टीचा आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवा, पट्टी घासून परत आवळा. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी किती चांगल्या बॅटऱ्या या एका पट्टीपायी बदलल्या जात असतील, याचा विचार करून बघा.

सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर प्रश्न तीनच : करंट, पेट्रोल, दाब. प्लग काढा आणि बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त चाललंय. चोक अडकला असेल, एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीनं बुजला असेल. ओलं तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. कोरडा ठणठणीत प्लग म्हणजे पेट्रोल पोचतच नाहीये. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, स्फोटाचा क्रम एक-तीन-दोन. वायरी काढताना खुणा केल्या नाहीत आणि परत लावताना दोन वायरींची अदलाबदल झाली, तर ठणठणीत गाडी आजारी होते. म्हणून खडूनं, चिकटपट्टीनं, कशानंही, पण खूण करा. मोबाइल हातात आहेच तर खोलण्याआधी फोटो काढा. जुन्या मिस्त्रींकडं फोटो नव्हता, ते काढलेले नट जमिनीवर त्याच क्रमानं मांडत.

धुराचं ज्ञानही असंच आहे. निळा धूर ऑइलचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर निघून थांबला तर तो साधा ओलावा. गाडी तापल्यावरही पांढरा धूर सुरूच राहिला, रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय आणि खाली मात्र गळती नाही, असं असेल तर ऑइलची काठी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की हेड गॅस्केट गेलं समजा. तिथं गाडी थांबवायची, एक किलोमीटरसुद्धा ओढायची नाही. हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापून वाकलं की खर्च कित्येक पटींनी वाढतो.

आणि इथं एक आपल्या भागातली जुनी खोड सांगितलीच पाहिजे. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा. "व्हॉल्व्ह काढून टाकला, आता टेन्शन नाही." टेन्शन जातं, पण गाडी हिवाळ्यात कधी पुरती तापतच नाही, पेट्रोल जास्त पिते, ऑइल लवकर खराब होतं, आणि मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, तसाच राहतो. पुढच्या मे महिन्यात तो परत डोकं वर काढतो. थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. भांड्यात पाणी तापवायला ठेवायचं, त्यात थर्मोस्टॅट सोडायचा. पाणी उकळायच्या आधी तो उघडला पाहिजे, गार झाल्यावर बंद झाला पाहिजे. स्वयंपाकघरात दहा मिनिटांत निकाल. (भांडं जुनं घ्या. यावर घरोघरी वाद होतात.)

कुणी म्हणेल, हे सगळं कार्बोरेटरच्या काळातलं. आता गाड्यांत कॉम्प्युटर आहे. मान्य. पण निदानाची पद्धत तीच आहे, उलट आता तिची गरज जास्त आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली एक पोर्ट असतो. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर दोषाचा कोड दिसतो. समजा कोड आला पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. बस, एवढंच. प्लग, कॉइल, इंजेक्टर की दाब, हे कोड सांगत नाही. इथं जुना माणूस काय करेल? पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावेल, दुसऱ्याची पहिल्याला. गाडी चालवून परत बघेल. कोड बदलून पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. तोच राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल. एक रुपया खर्च न करता गुन्हेगार सापडतो. आणि जो नुसता कोड वाचतो तो काय करतो? कॉइल बदलतो, मग प्लग, मग सेन्सर, आणि शेवटी "ईसीएम गेला", म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच गेला, असं सांगतो. बिल मात्र प्रत्येक पायरीचं होतं. पी०१७१ हा कोड आला की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय असा अर्थ. तडा गेलेली एक रबरी नळीसुद्धा त्याला पुरते. पण लोक महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात.

थोडक्यात, सुटा भाग बदलणं सोपं झालंय आणि कारण शोधणं अवघड. धंद्याचं गणितही तसंच आहे. कारण शोधायला गेलेल्या तासाचे पैसे आपण मिस्त्रीला देत नाही. भाग बदलला तरच देतो. मिस्त्रीनं अर्धा तास ऐकून, एक नट आवळून गाडी बरी केली, तर आपण म्हणतो, "एक नट आवळायचे एवढे?" ही आपली चूक आहे, त्याची नाही. कसब मरायला इथून सुरुवात झाली.

मोठ्या कंपन्यांचा वाटाही कमी नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण अपिलात गेलं, दंडाचं पुढं काय झालं हा वेगळा विषय. पण परभणीतल्या पत्र्याच्या शेडमधला मिस्त्री नवीन गाडीपुढं का अडतो, याचं उत्तर त्या आदेशात आहे. तो अडाणी नाही; त्याला कुलूप लावलेलं पुस्तक दिलं गेलंय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. त्याचा उपयोग करा, माहिती मागा, मिळाली नाही तर तक्रार करा. मागणी करणारे थोडे असले की कंपनीला घाई नसते.

ब्रिटनमध्ये जॉन हेन्स नावाच्या माणसानं १९६६ पासून एकेका गाडीचं दुरुस्ती पुस्तक काढायला सुरुवात केली. पद्धत साधी : गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची, प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा आणि साध्या भाषेत लिहायचं. तिथल्या मध्यमवर्गीयांच्या दोन-तीन पिढ्या त्या पुस्तकांवर आपल्या गाड्या घरी दुरुस्त करत आल्या. आपल्याकडं मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तीस वर्षं बनत राहिली. एवढ्या काळात हजारो मराठी हातांनी ती खोलली आणि जोडली. तो अनुभव कागदावर उतरवणं हे आता आपलं काम आहे.

आता कायद्याबद्दल, कारण भीतीमुळंच पुष्कळ गाड्या मोडीत जातात. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी बंद करावी लागते" हे वाक्य परभणीत सर्रास ऐकू येतं. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशापुरती होती. तिचा परभणीच्या एमएच-२२ नोंदणीशी संबंध नाही. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीत पास झाली की पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आली. वर राज्याचा पर्यावरण कर. रक्कम कमी नाही, आणि ज्याची गाडी वर्षातून चारदाच बाहेर निघते त्याला ती जड जाणार. पण "बंदी" आणि "महाग" यातला फरक समजून निर्णय घ्या. मुदतीत अर्ज करा, उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो. आणि तपासणीला जाण्याआधी धूर घरी बघा : ट्यूनिंग नीट असेल तर बीएस-२ पूर्वीची पेट्रोल गाडीही पीयूसीच्या ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत बसू शकते. ट्यूनिंग करणारा हात मात्र लागतो, आणि तोच तर मिळेनासा झालाय.

पेट्रोलमधल्या इथेनॉलची गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाला त्यानं बाजार मिळतो, तेव्हा सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या, गॅस्केट, पंपाचा डायाफ्राम त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल सडत ठेवू नका. नळ्या दरवर्षी दाबून, वाकवून बघा; तडा दिसला की इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या. गाडी अचानक उडत चालायला लागली, चढावर दम खायला लागली, तर आधी इथं बघा.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर हे आवाहन बेजबाबदार ठरेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका; मागच्या चाकांना दगड आणि खाली स्टँड हवेच. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. वायरिंगला हात लावण्याआधी निगेटिव्ह काढा. आणि ब्रेक व स्टिअरिंग हे शिकाऊ माणसाचं काम नाही. दोष ओळखा, पण दुरुस्ती उस्तादासमोर करा. घरची दुरुस्ती म्हणजे सगळं घरीच, असा हट्ट नाही. मिस्त्रीकडं जाताना "काहीतरी वाजतंय" ऐवजी "डाव्या पुढच्या चाकातून घुं आवाज येतो, उजवीकडं वळताना वाढतो, डावीकडं वळताना कमी होतो" असं सांगता आलं, तरी निम्मं काम झालं. हे ऐकून कुठलाही मिस्त्री चाकाच्या बेअरिंगकडंच हात नेईल.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, ती २०२१ च्या डिसेंबरमध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी त्यांना बोलेरो देऊ केली. कौतुक योग्यच होतं. मात्र असं कसब आपल्याला चमत्कार वाटायला लागलंय, ही काळजीची गोष्ट आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जीपची कमान परत घडवणारा, गिअरचा दात भरून देणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडत होता आणि त्याचा फोटो कुणी काढत नव्हतं.

म्हणून मागण्या ठोस करतो.

गाडीमालकांनो, एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय त्रास, काय सापडलं, काय बदललं. काढलेला जुना भाग परत मागून घ्या आणि बघा. फॉल्ट शोधायला लागलेल्या वेळेचे पैसे मिस्त्रीला वेगळे द्या, न मागता द्या. पोराला आणि पोरीलाही पाना धरायला बोलवा. स्कूटी आणि मोटार चालवणाऱ्या बायका या जिल्ह्यात भरपूर आहेत, पण बॉनेटभोवतीच्या घोळक्यात त्या क्वचित दिसतात.

मिस्त्रींनो, मालक शेजारी उभा राहिला तर राहू द्या. तो शिकला म्हणून तुमचं गिऱ्हाईक जाणार नाही. उलट त्याला तुमच्या कामाची किंमत कळेल.

परभणीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिक व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथल्या निदेशकांना विनंती : एक चालू कार्बोरेटर इंजिन आणि एक चालू इंजेक्शन इंजिन शेजारी शेजारी ठेवा, त्यांत मुद्दाम फॉल्ट घाला आणि भाग न बदलता तो शोधायला लावा. परीक्षेत गुण असोत नसोत. आठवड्यातून एक दिवस आगारातला निवृत्त मेकॅनिक बोलवा, त्याला मानधन द्या.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे रोजी, स्थापना दिनी भरतो. रब्बीचा १७ सप्टेंबरला. बियाणं घ्यायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकरी येतात, आणि कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय त्याच आवारात आहे. त्या मेळाव्यात एक मंडप दुरुस्तीचा असू द्या : एक ट्रॅक्टर, एक जीप, एक मारुती, आणि चार जुने मिस्त्री. विक्रीचा स्टॉल नको. लोकांनी प्रश्न घेऊन यावं, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज घेऊन यावं.

आणि आवाजांचा साठा हे शेवटचं, पण सगळ्यात घाईचं काम. टप्पेट ढिला झाल्याचा आवाज, बेअरिंग गेल्याचा, फॅनबेल्ट घसरल्याचा, सायलेन्सर फुटल्याचा. उस्ताद लाकडी दांडा इंजिनला टेकवून कान लावतो आणि अचूक बोट ठेवतो. हे पुस्तकात लिहून समजत नाही, ते ऐकावंच लागतं. मोबाइल घ्या, त्यांच्या शेजारी बसा, आवाज भरा. आधी गाडीचं नाव, वर्ष आणि किलोमीटर बोला. इंजिन गार होतं की गरम, उभ्यानं वाजतं की चालताना, तेही सांगा. मग उस्तादाचा अंदाज त्यांच्याच शब्दांत. खोलल्यावर खरं काय निघालं ते, आणि अंदाज चुकला असेल तर तेही ठेवा; चुकलेले अंदाज शिकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतात. शेवटी दुरुस्तीनंतरचा आवाज. एका फॉल्टची पाच मिनिटं पुरेत. कुणाच्या मालकीचं न करता ते सगळ्यांना वाटा, आयटीआयला द्या, तालुक्याच्या वाचनालयाला द्या. सुरुवात सत्तरी ओलांडलेल्यांपासून करा. कान त्यांचेही कमी होत चाललेत.